गळ आणि वही

रविवारची सकाळ उजाडली की सुरतेत तापीच्या काठाला काही माणसे ठरल्या वेळी येऊन बसतात. कोणी यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला असतो, कोणी हिऱ्यांच्या कारखान्यातला कारागीर असतो, कोणी निवृत्त कारकून. हातात बांबूची काठी किंवा बाजारातून आणलेली चकती लावलेली छडी, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली कणीक, डब्यात थोडीशी गांडुळे. दोरीवरचे तरंड पाण्यावर डुलत असते आणि त्याच्याकडे पाहणारा माणूस दोन-दोन तास शब्द बोलत नाही. जाणारे-येणारे हसतात. 'काही लागले का?' असे विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता पुढे निघून जातात.

या रिकामटेकड्या दिसणाऱ्या छंदाची दखल अग्रलेखाच्या जागेत कशासाठी घ्यावी, असे आमच्या काही वाचकांस वाटेल. परंतु ज्या पाण्यात हा गळ पडतो ते पाणी लाखो माणसे पितात, त्या पाण्यातील मासा हजारो कुटुंबांची भाकर आहे आणि तो मासा आता बहुधा निसर्गाने नव्हे, माणसाने सोडलेला असतो. छंद एकट्याचा असला तरी पाणी आणि मासा सर्वांचा आहे. म्हणून या छंदाचे हक्क कोणते आणि कर्तव्ये कोणती, याचा विचार एकदा नीट झाला पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गळ टाकून करमणूक करणे हे साहेबाचे खूळ आहे, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. त्याला कारणही आहे. हेन्री सलिव्हन थॉमस या मुलकी अधिकाऱ्याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिले आणि तेव्हापासून महाशीर माशाच्या शिकारीच्या गोष्टी साहेबांच्या क्लबांतून रंगू लागल्या. १९४६ साली कबिनी नदीत १२० पौंडांचा महाशीर गळाला लागल्याची नोंद आजही अभिमानाने सांगितली जाते. परंतु त्या साहेबांच्या साडेसातशे वर्षे आधी कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातील जुन्या मराठी पदांमुळे परिचित आहे. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे आणि त्यात सुमारे पस्तीस प्रकारचे मासे, त्यांची राहण्याची ठिकाणे, कोणत्या माशाला कोणते आमिष द्यावे, दोरी कशाची असावी, गळ कसा असावा, ठरावीक जागी खाद्य टाकून मासे कसे पोसावेत, याचे तपशीलवार वर्णन आहे. प्राणिशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. राजाची गोष्ट सोडा. आपल्या कोकणात गळाला 'गरी' आणि गरी टाकून बसण्याला 'गरवणे' असे स्वतंत्र क्रियापद आहे. ज्या गोष्टीला घरचे क्रियापद असते ती परकी नसते. खारेपाटातील शेतकरी घरामागच्या तळ्यात जिताड्याची पिल्ले सोडून ती वर्ष-दोन वर्षे वाढवतो आणि पाहुणा आला की मासा काढतो. मासे सोडलेले तळे ही कल्पनाही आपल्याला कोणी शिकवावी लागली नाही.

बदलले आहे ते वेगळेच. पूर्वी नदीत जो मासा असे तो नदीचा असे. आता तसे राहिलेले नाही. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी मस्तिष्कग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले आणि मत्स्यबीज कारखान्यातील मालाप्रमाणे हवे तेव्हा, हवे तितके तयार करण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातील मासे. दक्षिणेतील नद्यांत आणि धरणांत ते माणसाने नेऊन सोडले. १९७२ साली पुऱ्या झालेल्या उकाईच्या धरणामागे जो विस्तीर्ण जलाशय उभा राहिला, त्यातील मत्स्यव्यवसाय याच सोडलेल्या माशांवर मुख्यतः उभा आहे. तेव्हा सुरतेचा छंदी माणूस तीन किलोचा कटला ओढून काढतो आणि मित्रांना तो अभिमानाने दाखवतो, त्या वेळी त्या अभिमानात सरकारी मत्स्यबीज केंद्राचा आणि पर्यायाने करदात्याचा वाटा असतो, हे त्याने विसरू नये.

आणखी एकाचा वाटा त्याहून मोठा आहे. उकाईच्या पाण्याखाली जी गावे गेली ती बहुतांशी आदिवासींची होती. त्यांतील काही आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील, म्हणजे आपल्याच राज्यातील होती. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांच्या हाती पुढे नांगराऐवजी जाळे आले. सहकारी संस्था स्थापून ही कुटुंबे त्याच पाण्यावर आपले पोट भरू लागली. त्यांच्या दृष्टीने मासा हा विनोद नाही. शहरातून मोटारीने येऊन धरणाकाठी छडी उभारणाऱ्याने आपण कोणाच्या शेतावर सहलीस आलो आहोत, एवढे भान ठेवले तरी निम्मे प्रश्न सुटतील. पाण्यावर पहिला हक्क पाण्यातील जिवांचा, दुसरा ज्याची चूल त्यावर पेटते त्याचा आणि तिसरा करमणुकीचा. हा क्रम उलटा करणारे कोणतेही पर्यटन आम्हांस मान्य होण्यासारखे नाही.

आता पाण्यातील जिवांकडे पाहू. मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावून खानदेशातून वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळणारी तापी सुमारे ७२४ किलोमीटर लांबीची आहे. सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत जी लाखो मराठी माणसे राहतात, त्यांतील बहुसंख्य जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली आहेत. म्हणजे ज्या नदीच्या वरच्या अंगाला त्यांचे गाव, त्याच नदीच्या मुखाशी त्यांचे पोट. सुरतेशी मराठी माणसाचे नाते एके काळी स्वाऱ्यांचे होते, आज ते कष्टाचे आहे, आणि या नात्याला जोडणारा धागा तापीच आहे. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मदिवस साजरा होतो, सुरतेत नदीला चुनरी वाहिली जाते. परंतु ज्या नदीला आपण माता म्हणतो तिच्या अंगावर सुरतेच्या वरच्या पट्ट्यात तीन गाठी पडलेल्या आहेत: १९५४ साली पुरा झालेला काकरापारचा बंधारा, त्यानंतरचे उकाई धरण आणि शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून १९९५ साली सिंगणपोर येथे बांधलेला बंधारा.

या तिन्ही बांधकामांनी शेतीला, विजेला आणि शहराला जे दिले ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि त्यांनी काय घेतले हेही सांगितले पाहिजे. हिलसा हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी गोड्या पाण्यात वर चढतो. नर्मदेत आणि तापीत तो असाच चढून येत असे. जिताड्याचे याच्या नेमके उलट. तो खाऱ्या पाण्यात जन्मतो आणि त्याची पिल्ले गोड्या पाण्याच्या शोधात नदीत शिरतात. दोघांनाही वाट मोकळी हवी. गंगेवर फराक्का येथे १९७५ साली बंधारा कार्यान्वित झाला आणि जो हिलसा पूर्वी थेट अलाहाबादपर्यंत पोचत असे, तो वरच्या अंगाला जवळजवळ दिसेनासा झाला, हे साऱ्या देशाने पाहिले आहे. सिंगणपोरच्या बंधाऱ्याच्या खाली खारी भरती आणि वर साचलेले गोडे पाणी, अशी तापीची विभागणी झाल्यावर या वाटसरूंचे काय झाले असेल, हे सांगण्यास पंडिताची गरज नाही. बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यावर जलपर्णी माजते ती वेगळीच. जलपर्णी हे पाण्यात सांडपाणी मिसळत असल्याचे निसर्गाने लावलेले हिरवे निशाण आहे. अशा पाण्यात दरवर्षी कितीही बोटुकली सोडली तरी त्याने हिलसा परत येत नाही. तळ्यात मासे सोडणे आणि तळे जिवंत ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला छायाचित्रकार लागतो. दुसरीला चिकाटी लागते.

मासे सोडण्याच्या उत्साहात आणखी एक धोका आहे. १९५२ साली मोझांबिक तिलापिया हा आफ्रिकी मासा गरिबांचे अन्न म्हणून आपल्या देशात आणला गेला. तो इतका फोफावला की अनेक तळ्यांत मूळच्या माशांना जागा उरली नाही. थाई मागूर या नावाने ओळखला जाणारा आफ्रिकी मासा तर इतका खादाड निघाला की केंद्र सरकारला २००० साली त्याच्या संवर्धनावर बंदी घालावी लागली. तरीही तो चोरून वाढवला जातो आणि पुराच्या पाण्याबरोबर नद्यांत शिरतो. परदेशी माशांची गोष्ट एक वेळ समजू शकते. परंतु स्वदेशी मासाही चुकीच्या पाण्यात गेला तर काय होते, याचे उदाहरण आपल्या लोणावळ्यातूनच निघाले आहे आणि ते प्रत्येक छंदी माणसाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

धरणे, प्रदूषण आणि सुरुंगाने होणारी मासेमारी यांमुळे दख्खनचा महाशीर नाहीसा होऊ लागला, तेव्हा महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्याच्या तलावांवर त्याच्या कृत्रिम प्रजननाचे प्रयोग यशस्वी केले. टाटांच्या वीज कंपनीने वळवण येथे त्यासाठी केंद्र चालवले आणि तेथून लक्षावधी पिल्ले देशातील निरनिराळ्या नद्यांत व तलावांत गेली. एका खाजगी कंपनीने नफ्याची आशा न धरता केलेले हे काम खरोखर स्पृहणीय आहे. परंतु यांतील काही पिल्ले कर्नाटकात कावेरीत सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा, जगात अन्यत्र न आढळणारा, पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महाशीर होता. पाहुणा वाढत गेला आणि घरचा मालक घटत गेला. २०१८ साली त्या माशाला शास्त्रीय नाव निश्चित मिळाले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेला. नाव मिळाले तेव्हा मरण दाराशी येऊन ठेपले होते. या ऱ्हासाला धरणे, वाळूउपसा, विष आणि सुरुंगही जबाबदार आहेत, हे खरे. पण सद्हेतूने सोडलेल्या माशाचा त्यातील वाटा अभ्यासकांनी नाकारलेला नाही.

आता या कथेतील सर्वांत महत्त्वाचा भाग. हे उघडकीस कसे आले? सरकारी खात्याच्या अहवालातून नव्हे. कावेरीच्या काठी गळाने मासे धरून ते पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या छंदी लोकांची शिबिरे भरत असत. कोणत्या दिवशी किती तास गळ टाकला, कोणत्या जातीचा मासा लागला, त्याचे वजन किती, याची नोंद तेथे वहीत होत असे. १९९८ पासूनच्या या वह्या पुढे शास्त्रज्ञांनी उघडल्या, तेव्हा एका जातीचा आकडा चढत गेलेला आणि दुसरीचा उतरत गेलेला स्पष्ट दिसला. ज्यांना जग रिकामटेकडे म्हणत होते, त्यांच्याच वहीने नदीची नाडी पाहिली होती.

आमचे म्हणणे याच वहीभोवती आहे. गळ टाकणाऱ्याचा समाजाला उपयोग आहे काय, या प्रश्नाचे उत्तर गळात नाही, वहीत आहे. कारण तासन्‌तास पाण्याकडे पाहत बसणारा माणूस शहरात दुसरा कोणी नसतो. पाण्याचा रंग कोणत्या दिवशी बदलला, कोणत्या नाल्यातून रात्री काय सोडले गेले, कोणता मासा यंदा दिसलाच नाही, हे त्याला सर्वांच्या आधी कळते. मुंबईच्या पवई तलावाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १८९१ साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव त्या कामाला निरुपयोगी ठरला. पुढे गळाने मासे धरणाऱ्यांची संस्था तेथे रुजली आणि मासे सोडणे, राखणे हे काम तिने पिढ्यान्‌पिढ्या केले. भोवती वस्ती वाढली, सांडपाणी आले, जलपर्णी आली, हे ती एकटी थांबवू शकली नाही. परंतु २०२२ साली पवईच्या काठचा सायकलमार्ग मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला तो नागरिकांनी दाद मागितल्यामुळेच. तलावावर ज्यांचे डोळे असतात त्यांनाच त्याच्यासाठी दाद मागता येते. सुरतेच्या पाण्यावर असे डोळे किती आहेत?

या छंदाची एक बाजू मात्र अवघड आहे आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सुरत हे वैष्णवांचे आणि जैनांचे शहर आहे. घाटावर एक जण कणकेच्या गोळ्या माशांना पुण्य म्हणून घालतो आणि चार हातांवर दुसरा तीच कणीक गळाला लावतो. पहिल्याला दुसऱ्याचा राग आला तर त्यात नवल नाही. 'आम्ही मासा मारत नाही, सोडून देतो', हे उत्तर वाटते तितके पुरेसे नाही. २००३ साली ब्रिटनमध्ये ट्राउट माशांवर झालेल्या प्रयोगांनी माशाला वेदना होते असे दाखवून दिले आणि शास्त्रज्ञांचा त्यावरील वाद अजून संपलेला नाही. स्वित्झर्लंडने तर केवळ सोडून देण्यासाठी मासा धरणे कायद्याने अमान्य केले आहे. आम्ही किनाऱ्यावरची माणसे मासे खाणारी आहोत. मासा खाण्यात आम्हांस पाप वाटत नाही. परंतु खाण्यासाठी मारणे आणि गमतीसाठी छळणे यांतील अंतर आपल्या परंपरेने नेहमीच ओळखले आहे. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनीचे मासे आणि देहूला इंद्रायणीच्या डोहातील मासे भाविकांनी देवाचे म्हणून राखले. आजूबाजूचा गाव मासे खाणारा असला तरी त्या पाण्यात गळ पडला नाही. प्रत्येक नदीवर काही पाणी अस्पर्श राहिले पाहिजे, हे शहाणपण आपल्याकडे अभयारण्याच्या कायद्याच्या कितीतरी आधी होते.

तेच पावसाळ्याचे. समुद्रावर पावसाळी मासेमारीबंदी असते आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटू नये, हा कोळ्याचा धर्म आहे. मोठ्या जलाशयांवरही अनेक राज्यांत पावसाळी बंदी घालतात. परंतु पहिल्या पावसात ओढ्यांतून, शेतांतून अंडी घालण्यासाठी वर चढणारे मासे, ज्यांना आपण चढणीचे किंवा वलगणीचे मासे म्हणतो, त्यांना धरण्याची आपल्याकडे गावोगाव झुंबड उडते. पोटात गाबोळी असलेली मादी तेव्हा चवीला उत्तम लागते, यात शंका नाही. पण ती एक मादी खाणे म्हणजे पुढच्या वर्षीचे हजारो मासे एका जेवणात संपवणे होय. इंग्लंडमध्ये नद्यांवर १५ मार्च ते १५ जून या काळात गोड्या पाण्यातील कार्प वर्गातल्या माशांना गळ टाकता येत नाही. तेथील छंदी माणूस ते तीन महिने काठी पुसून ठेवतो. आपल्या छंदी माणसाने आषाढ-श्रावणात तेवढेच करावे.

तेव्हा करावे काय? सुरत महानगरपालिका, गुजरातचे मत्स्यव्यवसाय खाते आणि छंदी मंडळी यांनी एकत्र बसून ठरवावे असे फार थोडे आहे. गळ टाकण्यासाठी अल्प शुल्काचा परवाना असावा आणि तो देण्यापूर्वी माशांच्या जाती ओळखता येतात की नाही, एवढे तरी पाहावे. जर्मनीत परीक्षा दिल्याशिवाय परवाना मिळत नाही. एका दिवशी किती मासे आणि किती आकाराचे न्यावेत, याला मर्यादा असावी. विणीच्या काळात बंदी असावी. तळ्यांत सोडायचे बीज त्या खोऱ्यातील माशांचेच असावे आणि ते कोणते, हे समारंभाच्या पाहुण्यांनी नव्हे, अभ्यासकांनी ठरवावे. जेथे मच्छीमारांच्या संस्थेचा हक्क आहे तेथे परवान्याचे पैसे त्या संस्थेकडे जावेत. सुरुंग आणि विष यांना तर १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच बंदी आहे. सव्वाशे वर्षांच्या या बंदीला एकदा अंमलबजावणीचा मान मिळावा. आणि प्रत्येक परवान्याबरोबर एक वही द्यावी. तारीख, जागा, पाण्याची स्थिती, किती तास बसलो, काय लागले. वर्षअखेर वही परत केली तरच पुढच्या वर्षीचा परवाना मिळावा.

२०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला आणि गुजरातने घोळ माशाला राज्यमाशाचा मान दिला. दोन्ही मासे समुद्रातले आहेत. तापी ज्या तिसऱ्या राज्यात जन्मते त्या मध्य प्रदेशाने मात्र २०११ मध्येच नदीतल्या महाशीरला हा मान दिला होता. किनाऱ्यावरच्या दोन श्रीमंत राज्यांना आपल्या नद्यांतील एकाही माशाची आठवण होऊ नये, यात त्या नद्यांची अवस्था आपोआप सांगितली जाते. समुद्राचे मासे बाजारात दिसतात, निर्यातीच्या आकड्यांत दिसतात. नदीचा मासा फक्त नदीकाठी बसणाऱ्याला दिसतो.

म्हणून तापीकाठी बसलेल्या त्या मुक्या माणसाला हसण्यापूर्वी आपण थोडे थांबावे. आणि त्यानेही तरंडावरची नजर क्षणभर काढून पाण्याकडे पाहावे. मासा लागला तर आनंदच आहे. परंतु एखाद्या दिवशी काहीच लागले नाही, तर तेही त्याने लिहून ठेवावे. उद्या या नदीचे काय झाले असे कोणी विचारील, तेव्हा तो कोरा दिवसच सर्वांत मोलाचा पुरावा ठरेल.